कंपनी-खरेदीचा करार आणि माघारीचा हक्क : डेलावेअर न्यायालयाचे दोन निर्णय

प्रस्तावना :
कंपनी खरेदीच्या करारावर स्वाक्षरी होणे आणि प्रत्यक्ष मालकी हस्तांतरित होणे यांत बहुधा काही महिन्यांचा अवधी जातो. भागधारकांची संमती व सरकारी परवानग्या याच काळात मिळवाव्या लागतात. दरम्यान परिस्थिती पालटल्यास खरेदीदाराला माघार घेता येते काय? अमेरिकेतील बहुसंख्य मोठ्या कंपन्यांची नोंदणी डेलावेअर राज्यात असल्याने या प्रश्नाचा इतिहास मुख्यतः तेथील चॅन्सरी न्यायालयात घडला.

टायसन-आयबीपी वाद (२००१) :
कोंबडीच्या मांसाच्या व्यवसायातील टायसन फूड्स कंपनीने स्मिथफील्ड फूड्सशी स्पर्धा करून गोमांस-उद्योगातील आयबीपी ही कंपनी विकत घेण्याचा करार १ जानेवारी २००१ रोजी केला. आयबीपीच्या एका उपकंपनीतील हिशेबाचे घोळ टायसनला स्वाक्षरीपूर्वीच ठाऊक होते. पुढे कडक हिवाळ्यामुळे आयबीपीचा नफा घसरला. टायसनची स्वतःची मिळकतही घटली. मार्च २००१ अखेर टायसनने करार संपुष्टात आणल्याचे कळविले.

न्यायाधीश लिओ स्ट्राइन यांनी जूनमध्ये निर्णय दिला. कंपनीच्या दीर्घकालीन अर्जनक्षमतेस धक्का देणारा बदलच 'गंभीर प्रतिकूल परिणाम' ठरतो. एखाद्या तिमाहीतील घसरण पुरेशी नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. टायसनच्या माघारीमागे पश्चात्ताप होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. केवळ नुकसानभरपाई न देता त्यांनी कराराचे विनिर्दिष्ट पालन, म्हणजे प्रत्यक्ष खरेदीच, करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००१ मध्ये हे विलीनीकरण पूर्ण झाले.

एकॉर्न-फ्रेसेनियस वाद (२०१८) :
जर्मनीच्या फ्रेसेनियस समूहाने एप्रिल २०१७ मध्ये एकॉर्न ही अमेरिकी औषधनिर्माण कंपनी प्रति समभाग ३४ डॉलर दराने घेण्याचे मान्य केले. त्यानंतर एकॉर्नची मिळकत सलग चार तिमाही कोसळली. औषधांच्या चाचणीविषयक नोंदींतही गंभीर दोष आढळले. त्यांच्या निवारणाचा भार कंपनीच्या मूल्याच्या सुमारे २१ टक्के असल्याचे न्यायालयास आढळले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायाधीश ट्रॅव्हिस लॅस्टर यांनी फ्रेसेनियसची माघार वैध ठरविली. गंभीर प्रतिकूल परिणामाच्या आधारे घेतलेली माघार डेलावेअरमध्ये ग्राह्य धरली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

निष्कर्ष :
दोन्ही निर्णय वरवर परस्परविरोधी वाटले तरी त्यांमागील तत्त्व एकच आहे. खरेदीदाराने जाणूनबुजून स्वीकारलेला धोका त्याला नंतर विक्रेत्यावर ढकलता येत नाही. मात्र खरेदीची वस्तूच मुळातून व दीर्घकाळासाठी बिघडली असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. सिद्धतेचा भार त्याच्यावरच राहतो. २०२२ मध्ये ट्विटरच्या खरेदीतून माघार घेऊ पाहणाऱ्या इलॉन मस्क यांनीही अखेर सुनावणीपूर्वीच, ठरलेल्या ५४.२० डॉलर दरानेच व्यवहार पूर्ण केला. स्वाक्षरीनंतर विक्रेती कंपनी अन्य ग्राहकांना नकार देते, तिचे कर्मचारी व भागधारक अनिश्चिततेत दिवस काढतात. म्हणूनच पश्चात्ताप हे करारभंगाचे कारण होऊ शकत नाही, हा या इतिहासाचा बोध होय.