मांद्र्याचे डॉक्टर आणि आजीचा प्रश्न



आजारी माणसांना दवाखान्यात सोबत करायची सेवा आम्ही पॅरिशमधले काही जण करतो. गेल्या महिन्यात शेजारच्या आजीला घेऊन मी एका दवाखान्यात गेलो होतो. तीन तास रांगेत बसल्यावर आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, माझ्याशी इंग्रजीत चार वाक्ये बोलले आणि गोळ्या लिहून दिल्या. आजीला त्यांनी काहीच विचारले नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "बाबा, माका कितें जालां?" मला धड उत्तर देता आले नाही. चूक माझीही होती. तिचा हा प्रश्न मी आतच विचारायला हवा होता.

त्या दिवशी मला आपल्या मांद्र्याच्याच एका डॉक्टरांची आठवण झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आहे, पण त्यांचा जन्म पेडणे तालुक्यातल्या या गावातला. खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. लहानपणीच ते मुंबईला गेले आणि एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. 1851 साली तिथून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. त्याच तुकडीत आपल्या गोव्याचे ख्रिस्ती डॉक्टर जुझे कामिलो लिझबोआ होते आणि पुढे प्रार्थना समाजात अग्रभागी राहिलेले आत्माराम पांडुरंगही होते.

या तरुणांपुढची अडचण काय होती, याचा विचार करा. शिक्षण सगळे इंग्रजीतून. शरीराच्या प्रत्येक भागाचे, प्रत्येक रोगाचे नाव परके. आणि समोर बसलेला रोगी मराठी, कोकणी नाहीतर गुजराती बोलणारा. "पोटात भडभडतंय", "अंग मोडून आलंय" असे तो सांगणार. इकडे गोव्यातही तेच होते. 1842 साली पणजीला वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिथले शिक्षण पोर्तुगीजमध्ये. म्हणजे डॉक्टर होणे म्हणजे एका अर्थी दुभाषा होणेच होते. पुस्तकातला रोग आणि रोग्याच्या तोंडचे दुखणे एकच आहे, हे ओळखल्याशिवाय औषध देता येत नव्हते.

भाऊ दाजींनी या दोन्ही बाजू धरून ठेवल्या. इंग्रजी वैद्यक शिकूनही त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथ अभ्यासले आणि आपल्याकडच्या जुन्या औषधांचा गुण तपासून पाहिला. भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर. दोघांनी मिळून गरिबांना फुकट औषध दिले. महारोगावर उपाय शोधण्यासाठी भाऊ दाजींनी पुष्कळ कष्ट घेतले. कोकण-गोव्याच्या रानात होणाऱ्या कडूकवठाच्या बियांचे तेल ते त्यासाठी वापरत. ज्याला समाज वेशीबाहेर ठेवी, त्याच्या आजाराकडे हा नामवंत डॉक्टर वळला. दोनदा मुंबईचे शेरीफपद भूषवलेले भाऊ दाजी 1874 साली वारले.

आपल्या जुन्या वैद्यकात रोगी तपासायच्या तीन रीती सांगितल्या आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधी पाहा, मग हात लावा, मग विचारा. आज पाहण्याचे काम यंत्रे करतात आणि ती फार चांगले करतात. त्यांच्यामुळे कितीतरी जीव वाचतात, हे देवाचे उपकारच आहेत. पण विचारण्याचे काम यंत्र करीत नाही.

शुभवर्तमान उघडून पाहा. या तिन्ही गोष्टी प्रभू येशूच्या सेवेत दिसतात. कुष्ठरोगी समोर आला तेव्हा प्रभूने त्याला आधी हात लावला. आंधळा बार्तिमय हाका मारीत होता. त्याला काय हवे ते कोणालाही कळले असते, तरी प्रभूने त्यालाच विचारले. आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती बाई! पुष्कळ वैद्यांकडे जाऊन तिचा सगळा पैसा संपला होता. वस्त्राला शिवताच ती बरी झाली. मग प्रभू का थांबला? याईराच्या घरी घाई होती, गर्दी रेटत होती. तरी तो थांबला आणि तिने आपली सगळी हकिकत सांगितली. आजार आधीच गेला होता. तिचे बोलणे तेवढे ऐकायचे राहिले होते. ते ऐकून प्रभूने तिला मुलगी म्हटले.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या दाराशी शंभर माणसे उभी असतात. पण सोबत जाणाऱ्या आपल्याला काही गोष्टी नक्की करता येतील. आदल्या रात्री रोग्याजवळ बसून त्याचे प्रश्न कागदावर लिहावेत. आत गेल्यावर त्याला आधी बोलू द्यावे. न समजलेले नम्रपणे पुन्हा विचारावे आणि बाहेर पडण्यापूर्वी, आपण काय समजलो ते डॉक्टरांना सांगून खात्री करून घ्यावी.

पुढच्या खेपेला आम्ही तसेच केले. आजीने स्वतःच विचारले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला आणि कोकणीत, हाताने दाखवून, तिचे गुडघे का सुजतात ते तिला समजावले. पाचच मिनिटे लागली असतील. येताना बसमध्ये आजी मलाच ते पुन्हा समजावून सांगत होती.

हे प्रभू, रोग्याला बोलण्याचे धैर्य दे, डॉक्टरांना ऐकण्याची सवड दे आणि सोबत जाणाऱ्या आम्हांला धीर दे. आमेन.