देइर अल्ला लेख

जॉर्डन खोऱ्यातील देइर अल्ला या टेकाडावर हेंक फ्रांकेन यांच्या डच उत्खनन पथकाला १९६७ मध्ये सापडलेला, गिलाव्यावर काळ्या व तांबड्या शाईने लिहिलेला लेख. काळ सुमारे इ.स.पू. ८००. गिलावा फुटल्याने मजकूर खंडित आहे. भाषा अरामी की कनानी, यावर मतभेद आहेत.

लेखाचा नायक बौराचा मुलगा बलाम, देवांचा द्रष्टा. बायबलच्या ‘गणना’ ग्रंथात (अध्याय २२–२४) इस्राएलला शाप देण्यासाठी मवाबचा राजा बालाक बोलावतो, तोच हा बलाम. येथे मात्र तो इस्राएलच्या कथेबाहेर, स्वतंत्रपणे उभा आहे, आणि म्हणूनच लेखाचे मोल असाधारण. रात्री देव त्याला दर्शन देतात. सकाळी तो उपास करतो, रडतो आणि देवसभेचा निर्णय लोकांना सांगतो : आकाश झाकले जाऊन अंधार पसरणार. सभेतील देवांना ‘शद्दायिन’ म्हटले आहे. ‘गणना’तला बलामही देवाला ‘शद्दाय’ म्हणतो. देवसभेत डोकावणारा संदेष्टा ‘१ राजे’ (अध्याय २२) आणि यिर्मया (अध्याय २३) यांतही भेटतो. यातून थेट उसनवारी सिद्ध होत नाही. जॉर्डनच्या दोन्ही तीरांवर द्रष्ट्यांच्या कथनाची परंपरा सामायिक असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.