प्रायव्हेट, पण कोणापासून?

क्लासमधली फील्ड्स प्रायव्हेटच ठेवायची, ही मला जावा शिकताना लागलेली पहिली शिस्त. त्यामागचा विचार डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये मांडला होता. मोड्यूलने आपले आतले निर्णय लपवावेत, म्हणजे ते उद्या बदलले तरी बाहेरचं कोड मोडत नाही. पुण्यात बसून वर्षानुवर्षं बँकेची जुनी सिस्टिम सांभाळताना मला याची किंमत कळली. म्हणूनच जावाने हीच शिस्त स्वतःहून सैल का केली, हे सांगावंसं वाटतं.

फेब्रुवारी 1997 मध्ये जेडीके 1.1 बरोबर रिफ्लेक्शन आलं. चालू प्रोग्रामला एखाद्या क्लासची फील्ड्स आणि मेथड्स नावाने शोधता येऊ लागली, पण दुसऱ्याच्या प्रायव्हेट फील्डला हात लावला की एक्सेप्शन यायचं. डिसेंबर 1998 मध्ये 1.2 ने ‘सेटॲक्सेसिबल’ ही मेथड दिली. तिला ‘ट्रू’ दिलं की तपासणीच बंद! सिक्युरिटी मॅनेजर लावलेला असेल तरच ती अडायची.

गरज खरी होती. हायबरनेटला डेटाबेसमधली रो ऑब्जेक्टमध्ये भरायची होती, स्प्रिंगला प्रायव्हेट फील्डमध्ये डिपेन्डन्सी घालायची होती. पण तीच वाट जेडीकेच्या पोटातही जात होती. जावा -128 ते 127 पर्यंतचे इंटीजर ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं. जावा 8 वर त्यातल्या 4 च्या आतलं ‘व्हॅल्यू’ हे प्रायव्हेट, तेही फायनल, फील्ड उघडून त्यात 5 लिहा. मग प्रिंटएफला 2 अधिक 2 द्या, उत्तर 5 छापून येतं. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. व्याजाचा हिशेब करणाऱ्या सर्व्हरवर हे शक्य असावं, याची मला खरोखर भीती वाटायची.

बंदोबस्त जावा 9 च्या मोड्यूल्सनी सुरू केला, आणि तोही भांडणातून. मे 2017 च्या मतदानात हा प्रस्ताव 13 विरुद्ध 10 मतांनी पडला, सुधारून पुन्हा आणावा लागला. सप्टेंबरात जावा 9 आलं तेव्हा जेडीकेमधली घुसखोरी चालू राहिली, फक्त लॉगमध्ये ‘इल्लीगल रिफ्लेक्टिव्ह ॲक्सेस’ची वॉर्निंग उमटू लागली. मार्च 2021 मध्ये जावा 16 ने मूळ सेटिंगच नकाराचं केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जावा 17 ने ती जुनी सवलत देणारा पर्यायही काढून टाकला. ज्याला आत जायचंच आहे, त्याने पॅकेजचं नाव घेऊन कमांड लाइनवर ‘ॲड-ओपन्स’ लिहायचं.

माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, फक्त फार उशिरा झाला. तुमच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘ॲड-ओपन्स’च्या ओळी असतील, तर प्रत्येक ओळ कोणत्या लायब्ररीसाठी आहे ते शोधा, त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या आणि ओळ काढून टाका.