साहस सांगण्याची विद्या

साहस करणे आणि साहस सांगणे या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली ज्याच्या अंगी आहे त्यास दुसरी साधतेच असे नाही. आणि पुष्कळदा ती शिकण्याची पाळी येते ती कर्जापायी. दक्षिण ध्रुवाच्या संशोधनात नाव मिळविलेला सर अर्नेस्ट शॅकल्टन याचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे.

९ जानेवारी १९०९ रोजी तो तीन सहकाऱ्यांसह ८८ अंश २३ कला दक्षिण अक्षांशापर्यंत पोहोचला. ध्रुव अवघा ९७ सागरी मैल उरला होता. परंतु अन्न संपत आले होते. आणखी पुढे जाणे म्हणजे परतीची आशा सोडणे होते. तो मागे फिरला. मायदेशी येताच मोहिमेचे देणे फेडण्यासाठी त्याने ब्रिटन, युरोप व अमेरिका येथे व्याख्याने दिली. ध्रुवाच्या उंबरठ्यावरून परतलेल्या माणसाच्या कथेचा कळस म्हणजे ते मागे वळलेले पाऊलच!

दुसरा धडा त्यास बर्फावरच मिळाला. १९१५ साली वेडेल समुद्रातील हिमाने त्याचे ‘एंड्युरन्स’ जहाज चिरडले. छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने बर्फाळ पाण्यात उतरून आपल्या काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. पण एवढे ओझे वाहणार कोण? तेव्हा दोघांनी बर्फावर बसून निवड केली. सुमारे १२० काचा ठेवल्या आणि सुमारे ४०० फोडून टाकल्या, पुन्हा मोह होऊ नये म्हणून! काय सांगावे याइतकेच काय सोडावे हेही वक्त्यास ठरवावे लागते. येथे तो निर्णय प्राणांच्या हिशेबाने झाला.

पुढे जी चित्रे उरली, त्यांच्याच आधारे शॅकल्टन लंडनच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये उभा राहिला. डिसेंबर १९१९ पासून मे १९२० पर्यंत दिवसातून दोन वेळा पडद्यावर मूक चित्रपट चाले आणि शेजारी अंधारात उभा राहून तो बोले. आपलेच जहाज मोडताना रोज दोनदा पाहणे आणि श्रोत्यांस ते शांतपणे सांगणे, ही परीक्षा काही सामान्य नव्हे. सांगण्यासारखे मात्र त्याच्यापाशी पुष्कळ होते. एलिफंट बेटावर खोळंबलेले २२ सोबती ३० ऑगस्ट १९१६ रोजी सर्वच्या सर्व जिवंत सुटले होते. त्याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडील तुकडीतील तिघे मात्र दगावले होते. यशाची बेरीज मांडताना ही वजाबाकीही सांगावी लागते. ती गाळली की कथा बढाई होते.

शॅकल्टन १९२२ साली दक्षिण जॉर्जिया बेटापाशी वारला. त्यानंतर शंभर वर्षांनी, ५ मार्च २०२२ रोजी, सुमारे ३००० मीटर खोलीवर ‘एंड्युरन्स’ सापडले. जहाजाच्या पाठीवरील नाव अजून स्पष्ट वाचता येत होते. इतकी वर्षे ते समुद्राच्या तळाशी होते. लोकांच्या स्मरणात त्यास तरते ठेवले होते ते सांगणाऱ्यांनी.