गोल्फ मैदानरचना : कलागुणांची ओळख

गोल्फ मैदानरचना म्हणजे या खेळासाठी जमीन पारखून घेण्याची, तिच्यावर खेळाचे मार्ग आखण्याची आणि तिचे चढउतार, गवत, वाळू, पाणी व झाडे यांना खेळात अर्थ प्राप्त करून देण्याची कला होय. हॉकी किंवा टेनिस यांच्या मैदानांची मापे नियमांनी बांधलेली असतात. गोल्फमध्ये मात्र चेंडू ज्या खळग्यात पडावयाचा त्याचा 108 मिलिमीटर व्यास नियमाने ठरलेला असला, तरी तेथपर्यंतच्या वाटेची लांबी, रुंदी आणि वळणे रचनाकाराच्या विचारावर सोपविलेली आहेत. याच मोकळीकीमुळे या क्षेत्रात रचनाकाराची शैली, परंपरा आणि रसग्रहण या गोष्टींना स्थान मिळाले.

पूर्ण मैदानात साधारणतः 18 विभाग असतात व प्रत्येक विभागाला ‘होल’ म्हणतात. पहिला फटका जेथून मारतात ती ‘टी’, कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा ‘फेअरवे’, त्याच्या कडेचे वाढलेले गवत ‘रफ’, वाळूचे खड्डे ‘बंकर’ आणि खळग्याभोवतीची अतिशय बारीक कापलेली हिरवळ ‘ग्रीन’. 18 होलांचा प्रघात स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे 1764 मध्ये पडला. तेथील ‘ओल्ड कोर्स’ कोणा एका रचनाकाराची कृती नाही. समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीवर वारा, मेंढ्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे खेळाडू यांच्या वावरातून ते घडत गेले आणि पुढील सर्व रचनाकारांनी त्याचा अभ्यास केला.

मैदानाचे सौंदर्य आणि त्याच्या रचनेतील कला या दोन गोष्टी पारखताना वेगळ्या धराव्या लागतात. तळी, फुलझाडे आणि डोंगरांची पार्श्वभूमी यांमुळे छायाचित्र देखणे होते; रचनेचा कस मात्र खेळाडूपुढे ती कोणते पर्याय ठेवते यावर लागतो. या दृष्टीने दंडप्रधान आणि डावपेचप्रधान अशा दोन पद्धती मानल्या जातात. पहिलीत चुकलेल्या फटक्याला सरसकट शिक्षा मिळते. दुसरीत खेळाडूला सुरक्षित पण लांबची आणि धोक्याची पण लाभदायक अशा वाटांतून आपल्या कुवतीप्रमाणे निवड करता येते. ओल्ड कोर्सच्या चौदाव्या होलवर उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बंकरांचा समूह आणि पुढे सरळ रेषेत ‘हेल’ नावाचा प्रचंड बंकर आहे. तो ओलांडण्याची ताकद नसलेला खेळाडू डावीकडच्या दुसऱ्या फेअरवेवरून वळसा घेऊन जाऊ शकतो. एकाच जमिनीवर बलवान, दुबळा आणि धूर्त अशा तिघांसाठी तीन वाटा असणे, हे उत्तम रचनेचे सर्वांत खात्रीचे लक्षण मानावयास हवे.

स्कॉटलंडमधीलच नॉर्थ बेरिक येथील पंधराव्या होलचे ‘रेडान’ हे नाव क्रिमियन युद्धातील तटबंदीवरून पडले आहे. त्याची ग्रीन तिरकी असून तिचा उतार खेळाडूपासून दूर, मागे व डावीकडे जातो आणि तिच्या पुढच्या डाव्या अंगाला खोल बंकर आहे. त्यामुळे उजव्या कोपऱ्यावर टाकलेला चेंडू उताराने आपोआप खळग्याकडे घरंगळतो आणि थेट खळग्यावर नेम धरणारा बहुधा फसतो. रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड यांनी 1911 मध्ये सुरू झालेल्या, अमेरिकेतील लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्स या मैदानात हा नमुना चौथ्या होलवर उभारला, परंतु नक्कल न करता तेथील जमिनीत बसवून; अशा पुनर्रचनेत परंपरेचा अभ्यास दिसतो.

अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हे रचनाकार शिक्षणाने वैद्य. बोअर युद्धात खंदक भूप्रदेशात कसे बेमालूम लपविले जातात हे त्यांनी पाहिले व तेच तत्त्व बंकरांना लावले. 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्फ आर्किटेक्चर’ या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या तत्त्वांचा एक गाभा असा, की मानवनिर्मित भाग निसर्गापासून ओळखू येऊ नये. येथे पारखणाऱ्याची अडचण होते, कारण ज्या कृतीतील श्रम सर्वांत कुशल तीच ‘आयती’ वाटते. म्हणून जाणकार बंकराची कड भोवतालच्या उंचवट्यात मिसळते का, ग्रीनचा उतार मागच्या टेकडीच्या उताराशी जुळतो का आणि एका ग्रीनवरून पुढच्या टीकडे सहज जाता येते का हे पाहतो. होलांचा हा क्रम, म्हणजे मार्गरचना, नकाशावर नीरस दिसत असला तरी रचनाकाराची खरी प्रतिभा त्यातच खर्ची पडते.

भारतात कोलकात्याचा क्लब 1829 चा, तर मुंबईत गोल्फचा आरंभ 1842 मध्ये झाला. स्वातंत्र्योत्तर काळातील काही नावाजलेली कामे ऑस्ट्रेलियन खेळाडू व रचनाकार पीटर थॉमसन यांची असून दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानाची 1970 च्या दशकातील पुनर्रचना त्यांनीच केली. तेथे लाल बंगल्यासारख्या जुन्या कबरी खेळाच्या परिसरात उभ्या आहेत. महाराष्ट्रात चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी (1927), कुलाब्याच्या टोकाचे समुद्रवाऱ्यातले मैदान, पुण्यातील येरवड्याचे जुने मैदान आणि सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी विकसित केलेले मैदान यांतून एकाच राज्यातील जमिनीचे किती वेगवेगळे प्रकार या खेळाला मिळाले ते कळते.

कोकणपट्टीत रचनेची परीक्षा पावसाळा घेतो. स्कॉटलंडच्या वाळूत मुरणारे पाणी येथील चिकण जमिनीवर साचते. म्हणून ग्रीनखाली निचऱ्याचे नळ, त्यांवर सुमारे 10 सेंटिमीटर खडी आणि वर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण घालण्याची, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 मध्ये शिफारस केलेली पद्धत येथे विशेष उपयोगी ठरते. फेअरवेवर वापरले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आपली हरळी, जी पूजेतही दूर्वा म्हणून वाहिली जाते. निचऱ्याचे चर उघडे व सरळ न ठेवता त्यांना ओढ्याचे रूप देणारा आणि त्या ओढ्याला खेळाचा अडथळा बनविणारा रचनाकार या भूमीत कुशल म्हणावा.

कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला गुजरातच्या सीमेलगत असलेले अच्छाड हे गाव आणि तेथून तलासरी–डहाणूकडे पसरलेला प्रदेश मार्गरचनेच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. टेकड्यांचे मंद उतार, बांध घातलेली भातखाचरे आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओहोळ यांत तिचे सर्व घटक तयार आढळतात. मात्र ते वारली व इतर आदिवासींच्या उपजीविकेचे घटक आहेत. 1945 च्या वारल्यांच्या लढ्यात गवतकापणीची मजुरी हा एक प्रमुख प्रश्न होता, हे गवताच्या खेळाविषयीच्या नोंदीत विसरता येत नाही. डहाणू तालुका जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविण्यात आला असून हिरवे पट्टे, फळबागा व आदिवासी क्षेत्रे यांच्या जमीनवापरातील बदलावर तीत निर्बंध आहेत. गोव्याच्या उत्तर टोकावरील तेरेखोल येथे नियोजित गोल्फ प्रकल्पाला 2014 च्या सुमारास ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. जमिनीवर आधीच कोण जगते आहे याचा विचार न करणारी रचना, तिचे उतार कितीही सुंदर जुळलेले असोत, जमीन वाचण्याच्या पहिल्याच पायरीवर अपुरी पडते.

पाण्याच्या वापरामुळे अलीकडे मूल्यमापनाची दिशाही बदलत आहे. रचनाकार डोनाल्ड रॉस यांच्या, 1907 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक 2 या मैदानावर कालांतराने हिरवळ सर्वत्र पसरली होती. बिल कूर व बेन क्रेनशॉ या रचनाकारांनी 2010–11 मध्ये ती मोठ्या प्रमाणात काढून वाळू आणि रानगवत परत आणले, तुषारसिंचनाची तोंडे सुमारे 1,150 वरून 450 वर आणली आणि 2014 मध्ये याच मैदानावर पुरुष व महिला या दोन्ही गटांच्या अमेरिकन खुल्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत खेळल्या गेल्या.