बाललसीकरणाची सुरक्षितता आणि पालकांचे प्रश्न (नवी मुंबई)

बाळाला टोचलेली किंवा पाजलेली लस त्याला अपाय तर करणार नाही ना, यावर पालकांमध्ये आणि पालक व आरोग्ययंत्रणा यांच्यात होणारा वाद. मुंबई परिसरात हा वाद लसीइतकाच जुना आहे. नवी मुंबईत त्याला स्वतंत्र महत्त्व आले ते २०१८ मध्ये. टायफॉइडची नवी संयुग्म लस सरकारी यंत्रणेमार्फत जगात सर्वप्रथम याच शहरातल्या मुलांना दिली गेली आणि दिल्यानंतर काय झाले, याची पद्धतशीर नोंदही ठेवली गेली.

दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेल्या या शहरात लस घेण्याच्या दोन वाटा आहेत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा वस्तीतल्या सत्रात राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी मोफत मिळतात. सोसायट्यांमधली बरीच कुटुंबे मात्र बाळाची फाइल घेऊन खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जातात. दोन्हीकडचे प्रश्न थोडे वेगळे असतात. एकीकडे, ‘मागच्या इंजेक्शनला दोन दिवस ताप होता, मांडीला गाठ आली, आता पुन्हा कशाला?’ अशी आईची तक्रार आशा सेविकांच्या कानावर येते. दुसरीकडे, महाग लस घ्यावी की साधी, एका दिवसात तीन सुया बाळाला सोसतील का, आणि इंटरनेटवर वाचलेल्या स्वमग्नतेच्या भीतीचे काय, हे विचारले जाते. दिवसभर घरकामाला जाणाऱ्या आईसाठी बाळाचा ताप म्हणजे बुडालेली मजुरी असते. तिच्या तक्रारीला अज्ञान म्हणून झटकणे अन्यायाचे आहे.

टायफॉइड दूषित पाणी आणि अन्नातून पसरतो आणि त्याच्या जंतूंवर एकेक प्रतिजैविक निकामी होत चालले आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून बहुतेक नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ पसरली, तेव्हा ही भीती साऱ्या उपखंडाला जाणवली. टोचण्याची जुनी लस दोन वर्षांखालच्या मुलांत प्रभावी नव्हती. जंतूच्या आवरणातली शर्करा प्रथिनाला जोडून केलेली संयुग्म लस तान्ह्या वयातही काम करते. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या अशा लसीला भारतात २०१३ मध्ये परवाना मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळायला २०१७ ची अखेर उजाडली. तोवर ती खासगी दवाखान्यात, पैसे मोजू शकणाऱ्यांच्या मुलांनाच मिळत होती.

नवी मुंबई महापालिकेने देशपातळीवरच्या निर्णयाची वाट न पाहता ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे ३ लाख २० हजार मुलांसाठी दोन टप्प्यांची योजना आखली. शहरातल्या २२ आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांपैकी ११ क्षेत्रे पहिल्या टप्प्यात यादृच्छिक पद्धतीने निवडली गेली. १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या काळात तिथल्या १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना लस मिळाली. हे प्रमाण लक्ष्याच्या सुमारे ७१ टक्के होते. बहुतेक सत्रे आरोग्य केंद्राच्या इमारतीत न भरता वस्त्यांमध्ये भरली. पाकिस्तानने हीच लस नियमित कार्यक्रमात आणून तसे करणारा पहिला देश होण्याचा मान मिळवला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, म्हणजे या शहरानंतर.

‘आधी आमच्याच मुलांवर का?’ हा प्रश्न अशा वेळी कोणत्याही पालकाच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मोहिमेच्या रचनेतच होते. लस दिल्यानंतरच्या त्रासाची नोंद नेहमीपेक्षा अधिक काटेकोरपणे ठेवली गेली. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे येणाऱ्या तक्रारींवर न थांबता पालकांकडे पुन्हा चौकशी केली गेली. आढळले ते मुख्यतः ताप, दुखणे आणि सूज. लस असुरक्षित असल्याची खूण त्यातून पुढे आली नाही. उपयोगाचा हिशेबही मांडला गेला. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२० या काळात शहरातील ६ रुग्णालयांत तापाने आलेल्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा लस दिलेल्या क्षेत्रांतून टायफॉइडचे ८१ आणि न दिलेल्या क्षेत्रांतून २३८ रुग्ण नोंदले गेले. मोहिमेची परिणामकारकता ५६ टक्के ठरली. क्षेत्रातल्या सगळ्या मुलांनी लस घेतलेली नसतानाचा हा आकडा आहे, हे विसरू नये.

नोंदीचे हे काम नियमित लसीकरणातही होणे अपेक्षित असते. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ म्हणतात आणि भारतात तिची देखरेख १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. ताप-सूज ही किरकोळ घटना. बाळाला रुग्णालयात दाखल करावे लागले, कायमचे व्यंग आले किंवा मृत्यू झाला, तर गंभीर घटना. गंभीर घटनेचा तपास होऊन तज्ज्ञांची समिती कारण ठरवते. दोष लसीच्या घटकाचा, त्या विशिष्ट बॅचच्या दर्जाचा, देणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीचा, सुईच्या भीतीने आलेल्या चक्करेचा, की केवळ योगायोग? यातला योगायोग पालकांना पटवणे सर्वांत कठीण. आयुष्याच्या पहिल्या वर्षात बाळ वरचेवर आजारी पडते आणि त्याच वर्षात त्याला सर्वाधिक लसी मिळतात. काल लस दिली आणि आज फिट आली, यात कार्यकारणभाव आहे की नाही, हे एका घरातून कळत नाही. त्यासाठी लस घेतलेली आणि न घेतलेली हजारो मुले शेजारी ठेवून पाहावी लागतात.

मुंबईने हा धडा फार आधी गिरवला आहे. भारतातली देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी इथेच, ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ही लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने बळी गेला. सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर ठेवून त्यांना दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, हे सिद्ध करण्यासाठी रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना झगडावे लागले आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले, तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले.

अलीकडेही चुका झाल्या आहेत आणि त्या लपवून विश्वास वाढत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या टायफॉइड मोहिमेचा पहिला टप्पा संपल्यानंतर थोड्याच काळात, गाझियाबादच्या बायोमेड कंपनीच्या पोलिओ डोसमध्ये टाइप २ विषाणू आढळल्याची बातमी आली. विषाणूचा हा प्रकार एप्रिल २०१६ मध्येच तोंडावाटे द्यायच्या लसीतून काढून टाकलेला होता. ते डोस उत्तर प्रदेश आणि तेलंगणाबरोबर महाराष्ट्रातही आले होते. त्यांचा वापर तातडीने थांबवण्यात आला. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओ डोसऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात बरी झाली आणि संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. इथे दोष लसीचा नव्हता, बाटली न वाचता थेंब पाजण्याचा होता. पण आपल्या बाळाला घेऊन बूथसमोर उभ्या असलेल्या आईला हा भेद समजावून सांगणे हे यंत्रणेचेच काम आहे.

लसीतच दोष सापडल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आतड्यात आतडे अडकण्याच्या विकारामुळे १९९९ मध्ये मागे घेतली गेली. हा धोका उघड झाला तोही नोंदींमधूनच. याउलट गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा लेख फक्त १२ मुलांवर बेतलेला होता. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा संबंध आढळला नाही. तरी नेरुळ-खारघरच्या दवाखान्यांतही हा प्रश्न अजून विचारला जातो, कारण स्वमग्नतेची लक्षणे बहुधा लक्षात येतात ती याच लसीच्या वयात.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक डोस द्यायचा होता आणि तो बव्हंशी शाळांमध्ये. ‘माझ्या मुलाला एमएमआर झाला आहे, मग पुन्हा का?’ ही खासगी दवाखान्यात जाणाऱ्या पालकांची हरकत होती. वैद्यकीय उत्तर सोपे आहे. आधीच संरक्षण असलेल्या मुलाला जादा डोसाने अपाय होत नाही, आणि पहिल्या डोसाने संरक्षण न मिळालेल्या काही मुलांना तो उपयोगी पडतो. देशाच्या काही भागांत, ही लस मुलांना वंध्य करते अशा अफवा मोबाइलवरून फिरल्या. मौलवी, मुख्याध्यापक आणि डॉक्टर यांना एकत्र आणून या अफवांना उत्तर द्यावे लागले. संमतीचा मुद्दाही याच काळात न्यायालयात गेला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांमधली मोहीम पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय राबवता येणार नाही, असे बजावले.

लस राहून गेली तर काय होते, हे खाडीच्या पलीकडे २०२२ मध्ये दिसले. कोविडकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झालेल्या गोवंडीत ऑक्टोबरमध्ये गोवराने मुले दगावू लागली. भिवंडी आणि मालेगावातही उद्रेक झाले. उद्रेकाच्या भागात नियमित डोसाचे वय नसलेल्या, ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही लस द्यावी लागली. मृत्यू झालेल्यांत लस न मिळालेली मुलेच मुख्यतः होती. त्यांच्या सर्वच पालकांनी विचारपूर्वक नकार दिला होता, असे मानणे चूक आहे. अनेकांपर्यंत सत्रच पोचले नव्हते.

सोसायट्यांमधला सर्वांत जिवंत वाद ‘पेनलेस’ लसीचा आहे. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसीत डांग्या खोकल्याचा संपूर्ण मृत जंतू असेल तर ताप व वेदना अधिक. जंतूचे शुद्ध केलेले निवडक घटक असतील तर त्रास कमी, किंमत कितीतरी पट; हीच ‘पेनलेस’. सरकारी केंद्रातली पेंटाव्हॅलंट (या तिन्हींसह पाच रोगांवरची एकत्रित लस) पहिल्या प्रकारची आहे. तिला दुय्यम समजणारे पालक पुष्कळ आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे मुख्य कार्यालय योगायोगाने नवी मुंबईतच, जुईनगरला आहे, आणि पहिल्या तीन डोसांसाठी या संघटनेची पसंती काही वर्षांपूर्वीपर्यंत संपूर्ण जंतूच्या लसीलाच होती, कारण त्या लसीचे संरक्षण अधिक टिकते. शुद्ध घटकांच्या लसीकडे वळलेल्या अमेरिकेत २०१० साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याचे ९ हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि १० तान्ही बाळे दगावली. शुद्ध घटकांच्या लसीचे संरक्षण लवकर ओसरते, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून ठळक झाले. दोन दिवसांचा ताप टाळायला पालक पैसे मोजतात, हे समजण्यासारखे आहे. त्या बदल्यात काय सुटते, तेही डॉक्टरने त्याच वेळी सांगायला हवे.

२ मे २०२२ रोजी कोविड लसीकरणाबाबतच्या जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. मुलांच्या कोविड लसीकरणाचे धोरण मात्र जागतिक वैज्ञानिक मताशी सुसंगत ठरवले. याच निकालात, लसीनंतरच्या प्रतिकूल घटना सामान्य नागरिकाला आणि खासगी डॉक्टरलाही नोंदवता येतील अशी सार्वजनिक सोय करण्याचा आदेश आहे. नवी मुंबईसारख्या शहरात, जिथे मोठ्या संख्येने मुलांचे लसीकरण खासगी दवाखान्यांत होते, हा भाग विशेष मोलाचा आहे. लसीनंतर अर्धा तास केंद्रात थांबणे, लसकार्डावर दिलेल्या लसीची व तारखेची नोंद करून घेणे, आणि तीव्र ताप, फिट किंवा न थांबणारे रडणे यांची खबर लस देणाऱ्याला व जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला देणे, हे पालकांना आजही करता येते.