नेमका प्रश्न

अंबरनाथ, उल्हासनगर वा बदलापूरच्या कर्करुग्णाला लोकलने परळच्या टाटा रुग्णालयात जायचे, तर आधी स्थानकाचा जिना. ‘चढवतो का?’ याचे उत्तर आपण आकड्यात कसे मांडणार? १९४९ च्या कार्नोफ्स्की-बर्चेनाल मोजपट्टीवर डॉक्टरच शून्य ते शंभर गुण देत. १९९३ च्या युरोपीय प्रश्नावलीत रुग्ण स्वतः उत्तरे देऊ लागला. पण शारीरिक क्षमतेचे पाच प्रश्न सर्वांना तेच. अंथरुणाला खिळलेल्याला लांब चालण्याविषयी विचारून काय कळणार? म्हणून २०११ मध्ये ३१ प्रश्नांची प्रश्नपेढी जाहीर झाली. संगणक त्यातला मध्यम प्रश्न आधी विचारतो. ‘जमते’ म्हटले की पुढचा अवघड, ‘नाही’ म्हटले की सोपा. तोंडी परीक्षेत आपण हेच करतो. थकलेल्या माणसाला मोजकेच विचारावे, पण नेमके.